पुस्तकातली खोली

एप्रिलचा दुसरा आठवडा होता आणि मी अमरावतीच्या आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात, स्टाफरूममध्ये, अकरावीच्या केमिस्ट्री जर्नलांचा ढीग पुढ्यात घेऊन बसले होते. परीक्षा तोंडावर आली की शिक्षकाचा हात आपोआप चालतो. जर्नल उघडायचं, शेवटचं पान काढायचं, सही ठोकायची, पुढचं ओढायचं. कूलरमधलं पाणी संपलं होतं, तो नुसताच घरघरत गरम हवा फेकत होता. सातव्या की आठव्या जर्नलवर माझ्या हनुवटीवरून घामाचा थेंब पडला आणि निळी शाई पसरली. ओढणीच्या टोकानं टिपायला गेले, तेव्हा कुठे मी ते पान वाचलं. ‘खोलीचे तापमान : २०° से.’

बाहेर त्रेचाळीस होतं.

मी पुढचं जर्नल उघडलं. वीस. त्याच्या पुढचं. वीस. चाळीसच्या चाळीस पोरांनी एप्रिल महिन्यात, वऱ्हाडात, पत्र्याखालच्या प्रयोगशाळेत उभं राहून खोलीचं तापमान वीस अंश लिहिलं होतं आणि त्याच्या खाली शोऱ्याची, म्हणजे पोटॅशियम नायट्रेटची, विद्राव्यता बत्तीस. आधी हसू आलं. मग असा संताप आला की झालेल्या सात सह्यांवरही मी आडव्या रेघा मारल्या. सगळा गठ्ठा तसाच्या तसा परत पाठवला. एकाही जर्नलवर सही नाही.

वीस अंश आमच्याकडे नसतंच असं नाही. डिसेंबरात, सकाळी, आंघोळीचं पाणी चुलीवर असताना, दारात शेकोटी पेटलेली असताना असतं की. तेव्हा आम्ही त्याला ‘कडाक्याची थंडी’ म्हणतो आणि म्हातारी माणसं कानटोपीशिवाय दाराबाहेर पाऊल टाकत नाहीत. पुस्तक मात्र त्याला ‘खोलीचे तापमान’ म्हणतं. कोणाची खोली, हे पुस्तकात लिहिलेलं नसतं. मी हा प्रश्न पहिल्यांदा विचारला तेव्हा सोळा वर्षांची होते, अकोल्यात होते, आणि त्या प्रश्नापायी माझं एक वर्ष जाता जाता राहिलं.

अकोल्याचा उन्हाळा सांगून कळत नाही. सकाळी नऊलाच सायकलचं हँडल हाताला चटका द्यायचं. तोंडाला दुपट्टा, खिशात कांदा, घरून निघताना आंबिलीचा एक पेला, एवढी शस्त्रं घेऊन आम्ही निघायचो. त्या वर्षांत लोडशेडिंग होतं. वर्गातला पंखा दुपारी बाराला हळूहळू थांबायचा आणि तो थांबताना सगळा वर्ग मान वर करून त्याच्याकडे बघायचा, जाणाऱ्या माणसाला निरोप द्यावा तसा. मग पुढचे तीन तास वह्यांचा वारा.

अशाच एका दुपारी आमच्या गावंडे सरांनी विद्राव्यतेचा आलेख शिकवला. सरांचा शर्ट पाठीला चिकटलेला होता आणि खडू घामानं ओला होऊन फळ्यावर घसरत होता. त्यांनी खाली एक आडवी रेघ मारली, तापमानाची. डाव्या अंगाला एक उभी, शंभर ग्रॅम पाण्यात किती ग्रॅम विरघळतं त्याची. मग आत दोन रेघा. एक जवळजवळ सपाट, मिठाची. दुसरी खालून निघून घाट चढावा तशी वर वर गेलेली, पोटॅशियम नायट्रेटची, म्हणजे आपल्या फटाक्यांच्या दारूतल्या शोऱ्याची.

“पाहा बाप्पा,” सर म्हणाले, “याच्यात घोकाचं काहीच नाही. खालच्या रेघेवर बोट ठेवाचं, जेवढं तापमान असन तिथं. मंग नाकासमोर सरळ वर चढाचं. मंधात कोठी वळाचं नाही. रेघ भेटली का डाव्या हाताले वळाचं आन् आकडा वाचाचा. रेघेच्या खाली असान तं पाण्यात अजून जागा हाय. रेघेवर असान तं घर भरलं. याच्याइतकी सोपी गोष्ट पुस्तकात दुसरी नाही.”

खरंच सोपी होती. मला आजवर कोणी इतकं सोपं काही शिकवलं नव्हतं. बोट ठेवा, चढा, वळा. मी त्या दिवशी घरी जाऊन आलेख पाच वेळा काढला. मिठाची रेघ तर मला फारच आवडली. पाणी बर्फाचं असो की उकळतं, मीठ आपलं पस्तीस-चाळीसच्या मधे. उन्हाळ्याला ते भीक घालत नाही. सोळाव्या वर्षी मला वाटायचं, आपण असं असावं.

वाटायला कारण होतं. अॅडमिशनच्या खिडकीशी मी बाबांसोबत उभी होते तेव्हा आतल्या क्लार्कनं माझा फॉर्म हातात घेतला, गुणांचा रकाना पाहिला, मग खाली जातीचा रकाना पाहिला आणि चष्म्यावरून म्हणाला, “आर्ट्स घे नं. सायन्स झेपन काय तुले?” गुण त्यानं आधी वाचले होते, हे मी पाहिलं होतं. बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. त्यांनी काळ्या पडलेल्या बोटानं फॉर्मवरच्या ‘विज्ञान’ या शब्दावर दोनदा टकटक केलं. त्या क्लार्कचं ते ‘झेपन काय’ मी वर्षभर दप्तरात घेऊन फिरत होते. अकरावीत घसरले असते तर त्या खिडकीतून तो नक्की हसला असता. आणि आत्याचं ‘पोरीले डी.एड. करू द्या’ हे घरात तयारच होतं.

आता त्या काळातली एक रीत सांगायला हवी. आमच्या कॉलेजात एक जुनं जर्नल होतं. कोणत्या बॅचचं, कोणाचं, कोणालाच माहीत नव्हतं. पहिलं पान कधीचंच गेलेलं. दरवर्षी बारावीतली पोरं ते अकरावीला देऊन जायची आणि आम्ही त्यावरून उतरवायचो. त्याला सगळे ‘गंगोत्री’ म्हणायचे, कारण सगळी रीडिंगं तिथून वाहायची. प्रयोग करायचा तो हजेरीपुरता. आकडे गंगोत्रीतून. एखाद्यानं चुकून स्वतः काही मोजलंच, तर गंगोत्रीशी जुळवून घ्यायचा. हे सरांना माहीत होतं, प्राचार्यांना माहीत होतं, आमच्याकडे अकरावीलाही बाहेरून परीक्षक बोलवायचे, त्यांनाही माहीत असणार, कारण त्यांच्याही कॉलेजात एखादी गंगोत्री असणारच. मीही त्याआधीचे आठ प्रयोग तिच्यातूनच उतरवले होते. उगीच सोवळेपणाचा आव आणत नाही.

नववा प्रयोग शोऱ्याचा. वीस मिलिलिटर पाणी घ्यायचं, त्यात शोरा थोडा थोडा टाकत ढवळायचं, तळाला उरायला लागला की थांबायचं आणि किती विरघळला ते काढायचं. प्रयोगशाळेतले नामदेवभाऊ तेव्हा आधीच सगळ्यांच्या पुड्या बांधून ठेवायचे. जुन्या वर्तमानपत्राच्या कागदात सात ग्रॅमची एक पुडी, एका पोरीला एक. पुस्तकाच्या हिशोबानं वीस मिलिलिटरमध्ये साडेसहाच्या आत काम भागतं, म्हणून सात. नामदेवभाऊंच्या पुड्या इतक्या नेटक्या असायच्या की सोडायला जिवावर यायचं. माझ्या शेजारच्या वंदनानं तर सोडलीच नाही. ती मूर्तिजापूरकडच्या शेतकऱ्याची पोरगी, हॉस्टेलवर राहायची, आणि तिचा हिशोब सरळ होता. “बत्तीस येनार हाय ते मालूम हाय, मंग पुडी कायले खराब कराची?” पुडी ओट्यावर ठेवून ती गंगोत्री उतरवायला बसली.

मी शोरा टाकला. का टाकला, त्यामागं काही तत्त्व नव्हतं. गंगोत्री वंदनाकडे होती, माझा नंबर यायचा होता, एवढंच. टाकत गेले, ढवळत गेले आणि हातातलं बीकर गार पडलं. शोरा विरघळताना पाण्यातली ऊब ओढून घेतो, हे वर्गात सांगितलेलं होतं, पण पंखे बंद, पत्रा तापलेला आणि हातात अचानक माठासारखं गार काचेचं भांडं, हे सांगून कळण्यातलं नव्हतं. तळाला चिमूटभर शोरा उरला होता. म्हणजे काम झालं होतं. तिथंच थांबून आकडा लिहिला असता तर तो बत्तीसच्या आसपासच आला असता आणि हा लेख झाला नसता.

पण मी ते बीकर गालाला लावलं. मग दुसऱ्या गालाला. मग मानेला. वंदनाला दिलं, तिनं कपाळाला लावलं आणि डोळे मिटून म्हणाली, “आहाहा, असंच राहू दे.” मागच्या ओट्यावरच्या दोघी-तिघींनी मागितलं. बीकर ओटाभर फिरून माझ्याकडे परत आलं तोवर त्याचा गारवा गेला होता. आमच्या अंगाची आणि खोलीची सगळी गरमी पिऊन ते कोमट झालं होतं. आणि तळाला काहीच नव्हतं. सातच्या सात ग्रॅम गडप. तळ स्वच्छ.

मी नामदेवभाऊंकडे गेले. “भाऊ, अजून एक पुडी द्या.”

“एकच भेटते.”

“पण सगळं विरघळलं.”

“सांडलं असन तुह्या हातानं.”

सांडलं नव्हतं. मी वंदनाची न सोडलेली पुडी उचलली आणि टाकू लागले. या वेळी घाई केली नाही. गार पडलं की थांबायचं, खोलीइतकं होऊ द्यायचं, ढवळायचं, मग पुन्हा चिमूट. थर्मामीटर आत उभा केला होता. अर्धा-पाऊण तास गेला. तळाला दाणे उरले आणि उरलेलेच राहिले तेव्हा पुडीत उरलेलं दोनदा तोलून पाहिलं. तेरा ग्रॅम आत गेलं होतं. शंभराला पासष्ट. थर्मामीटरवर एक्केचाळीस.

मग मी पुस्तक काढलं. खालच्या रेघेवर एक्केचाळीसवर बोट ठेवलं. नाकासमोर सरळ वर चढले. मधे कुठेही वळले नाही. रेघ भेटली, डाव्या हाताला वळले. पासष्टच्या जरासं वर.

आजवर पुस्तक मला सांगत आलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा मी मोजलं आणि पुस्तकानं मान हलवली. तो आनंद मला पुढं पहिल्या पगाराच्या दिवशीही झाला नाही.

जर्नलमध्ये लिहिलं : खोलीचे तापमान ४१° से. विद्राव्यता ६५.

दुसऱ्या दिवशी सरांनी ते पान पाहून विचारलं, “हे खोलीचं तापमान हाय का टायफाईडचं?” वर्ग हसला. मीही हसले, कारण मला वाटलं सर आता शाबासकी देणार. त्यांनी पासष्टभोवती लाल गोल केला. “बत्तीस पायजे इथं. दुप्पट करून बसली तू. पुन्हा लिव आन् घेऊन ये, मंग सही देतो.”

“सर, मोजलं मी. दोन पुड्या लागल्या.”

“पुस्तकात काय हाय?”

मी पुस्तकच पुढं केलं. त्यांच्याच शब्दांत. इथं बोट ठेवायचं सर, सरळ वर चढायचं, रेघ भेटली की डावीकडे. सरांची नजर माझ्या बोटामागून वर गेली, डावीकडे वळली, थांबली. गावंडे सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी पुस्तक मिटलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, “तुही रेघ बरोबर हाय. पन परीक्षा रेघेची नसते, जर्नलची असते. बंद्यायचं बत्तीस आन् एकटीचं पासष्ट दिसलं तं बाहेरचा मास्तर मले इचारन, बाकीच्याइनं काय मोजलं म्हणून. मंग मी काय सांगू?”

हे उत्तर मला तेव्हा भेकड वाटलं. आजही वाटतं. फक्त आता ते कुठून येतं ते माहीत आहे.

सहीशिवाय जर्नल ग्राह्य नाही, जर्नलशिवाय प्रात्यक्षिक परीक्षेला बसता येत नाही, प्रात्यक्षिकाशिवाय अकरावी नाही. परीक्षेला तीन दिवस होते. वंदनानं मला कॅन्टीनच्या सावलीत बसवून समजावलं. “लिवून टाक नं बत्तीस. पेनाले का चटका बसते? तुह्या पासष्टानं कोनाचं भलं होऊन राहिलं?” तिचं म्हणणं खोटं नव्हतं. एका आकड्यानं कोणाचंच काही होत नव्हतं. पण मी बत्तीस लिहायला पेन उघडलं की त्या खिडकीतला चष्मा दिसायचा. मला जे झेपतं ते मी करून दाखवलं होतं आणि आता मलाच ते खोडायला सांगत होते. हे मला सहन होत नव्हतं.

मी नामदेवभाऊंना थर्मामीटर मागितला, दोन दिवसांसाठी. त्यांनी तो रुमालात गुंडाळून दिला. “फुटला तं बापाले घेऊन येजो,” म्हणाले. तो घेऊन, वीस अंशांची खोली शोधत, मी कॉलेजभर फिरले. वर्गात चाळीस. ग्रंथालयात एकोणचाळीस. सायकल स्टँडच्या पत्र्याखाली पंचेचाळीस. प्राचार्यांच्या दाराला वाळ्याचा पडदा होता आणि आत इन्व्हर्टरवर कूलर. शिपाई पाणी आणायला गेला तेव्हा मी पडद्याआड हात घालून थर्मामीटर धरला. एकोणतीस. अख्ख्या कॉलेजात पुस्तकातल्या खोलीच्या जरा जवळ जाणारी खोली ती एकच, आणि तिथंही वीस नव्हतं.

घरी पत्र्याखाली दुपारी तीनला चव्वेचाळीस भरलं. आई ज्वारी निवडत होती. म्हणाली, “घामानं समजत नाई काय? त्यासाठी काचेची नळी लागते?” मी म्हटलं, “आई, घाम जर्नलमध्ये लिहिता येत नाही.” ती हसली, पदरानं मान पुसली आणि निवडत राहिली. आम्ही तिघं त्या खोलीत जेवायचो, झोपायचो, मी तिथंच अभ्यास करायचे. पुस्तकाच्या लेखी ती खोलीच नव्हती.

बाबा वर्कशॉपमधून आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांना विद्राव्यता माहीत नव्हती. पण मोजणं माहीत होतं. हात साबणानं धूत धूत त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, “तू सोताच्या डोयानं पायलं?”

“हो.”

“दोनदा?”

“दोनदा.”

“मंग खोडू नको. मी ब्रेक पाह्यल्याबिगर पाह्यला म्हणून लिवला तं गाडी परतवाड्याच्या घाटात जाते. वर्ष गेलं तं जाऊ दे, पुन्हा बस. न मोजता लिवाचं असन तं घरीच बसून लिव, कालेजात काहून जातं?”

वर्ष गेलं तर जाऊ दे. हे म्हणायला त्या माणसाला काय लागलं असेल, ते मला त्या वयात कळलं नाही. मला फक्त बळ मिळालं.

परीक्षेच्या सकाळी मी सहीशिवायचं जर्नल घेऊन रांगेत उभी राहिले. बत्तीस लिहिलेलं नव्हतं. गावंडे सर दारात प्रत्येकाचं शेवटचं पान पाहून आत सोडत होते. माझ्यापाशी आले, जर्नल उघडलं, स्वतःचा लाल गोल पाहिला. “बदललं नाही?”

“नाही सर.”

मागे रांग तुंबली होती. पोरी माना लांब करून बघत होत्या. सरांनी खिशातून पेन काढलं, उघडलं, पुन्हा बंद केलं. मग अचानक जर्नल भिंतीला टेकवून सही केली आणि लाल गोलाशेजारी बारीक अक्षरात ‘तपासावे’ असं लिहिलं. “जाय,” म्हणाले. माझ्याकडे पाहिलं नाही.

बाहेरून आलेले परीक्षक अमरावतीचे होते, मानेभोवती ओला नॅपकिन. त्यांनी ‘तपासावे’ वाचलं, ४१ वाचलं. “एवढं असते काय खोलीत?” असं म्हणून नॅपकिननं तोंड पुसलं. मी भिंतीवरच्या थर्मामीटरकडे बोट दाखवलं. त्यांनी तिकडे पाहायचं टाळलं. वंदनाला वीसपैकी एकोणीस पडले. मला बारा. खोट्या वीस अंशांना एकोणीस आणि खऱ्या एक्केचाळिसाला बारा, हा भाव मला तेव्हाच कळला. पण मी पास झाले. बाराच्या बळावर बारावीत गेले आणि त्या क्लार्कच्या खिडकीशी फी भरताना पावती होईस्तोवर त्याच्या चष्म्याकडे टक लावून पाहत राहिले. त्याला बहुधा मी आठवतही नव्हते. मला त्याचं काही वाटलं नाही.

पुढच्या वर्षी, पुन्हा एप्रिलातच, बारावीची एक सुटी दुपार. थर्मामीटरच्या उसनवारीपासून नामदेवभाऊंशी माझं बरं जमायचं. ते ओट्यावर बसून अकरावीसाठी पुड्या बांधत होते. नेहमीपेक्षा जाड. मी विचारलं, “किती ग्रॅमच्या?”

“चौदाच्या. सरानं यंदा चौदा सांगतल्या.” त्यांनी माझ्याकडे न पाहता कागद दुमडला. “तुह्या पायी माह्या मांगं डबल काम लागलं, पोरी.”

गावंडे सर माझ्याशी या विषयावर कधीच बोलले नाहीत. मीही बोलले नाही. त्यांनी पुडी बदलली, माझे बारा बाराच राहिले, आणि लाल गोल अजून माझ्याकडे आहे. कोणी म्हणेल, आता सोड. मी सोडणार नाही. राग जपून ठेवण्यासारखा असेल तर जपावा. त्याच रागावर मी केमिस्ट्री शिकले, शिकवायला लागले आणि वर्षानुवर्षं पोरांना पहिल्या तासाला सांगत आले, जे मोजाल तेच लिहा.

आणि तरीही माझ्या पुढ्यात चाळीस जर्नलांवर वीस अंश. गेल्या वर्षीच्या जर्नलांवर काय होतं? मला आठवेना, कारण मी वाचलंच नव्हतं. सह्या मात्र माझ्याच होत्या. बाबा म्हणाले होते तसे, न पाहता पाहिले म्हणून लिहिलेले ब्रेक.

गठ्ठा परत गेल्यावर विभागप्रमुख दोनदा येऊन गेले. चांगले गृहस्थ, अचलपूरचे, कोणाशी वाकडं नाही. “मॅडम, सोमवारी बाहेरचे परीक्षक येणार. पोरांचं नुकसान कशाला? सह्या करून टाका, पुढच्या वर्षी बघू.” मी म्हटलं, नाही करणार. ते म्हणाले, “तुम्ही फारच ताणून धरता.” मी म्हटलं, हो. शुक्रवारी दुपारी मी अख्ख्या बॅचला प्रयोगशाळेत बोलावलं आणि चांगलं फैलावर घेतलं. वीस अंश कुठल्या खोलीत आहे दाखवा, म्हटलं. कोणी मोजलं? थर्मामीटर कोणी हातात तरी घेतला का? पोरं माना खाली घालून उभी. मला माझं बोलणं ऐकून बरंही वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

शेवटच्या ओट्यावरून एका पोरीनं हात वर केला. धारणीकडची, वर्षभर एक शब्द न बोललेली. “मॅडम, मी मोजलं होतं.”

“मग वीस का लिहिलं?”

“सगळं इरघळलं. खाली काही उरलंच नाही. अजून मांगतलं तं भेटलं नाही.” तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. “पुडी सातचीच भेटते, मॅडम.”

मी आमच्या प्रयोगशाळा सहायकांकडे पाहिलं. त्यांनी खांदे उडवले. “पयलेपासून सातच हाय, मॅडम. तुमी कधी बदलवाले सांगतलं नाही.”

नव्हतं सांगितलं. माझ्या लाल गोलाची गोष्ट मी किती जणांना किती वर्षं सांगितली असेल, आणि माझ्याच प्रयोगशाळेत कपाट उघडून पुडी किती ग्रॅमची आहे ते पाहिलं नव्हतं. त्या पोरीला मी आत्ताच चाळिसांत उभं करून झापलं होतं. मी चाळिसांसमोर म्हटलं, “चूक माझी आहे.” मोठ्यानं म्हटलं, मागच्या ओट्यापर्यंत जावं असं.

मग कपाटाशी गेले, शोऱ्याची अख्खी बरणी खाली काढली आणि मधल्या ओट्यावर ठेवली. सहायक म्हणाले, “मॅडम, वर्षाचा साठा हाय तो.” मी झाकण उघडलं. “लागेल तेवढा लागू द्या. विभागप्रमुखांना मी सांगते.” आणि पोरांना म्हटलं, तराजू घ्या, थर्मामीटर घ्या, तळाला उरेपर्यंत टाका. गार पडलं की थांबा. घाई केली तर बत्तीस येईल.

मग चमचे वाजायला लागले. दहा मिनिटांत कोणीतरी बीकर गालाला लावलं, शेजारणीनं ओढून घेतलं, मागून कोणी मानेला लावून ‘आई गं’ म्हणालं, आणि तो गारवा एका ओट्यावरून दुसऱ्या ओट्यावर फिरायला लागला. मी कोणाला थांबवलं नाही. भिंतीवर बेचाळीस होतं.

धारणीची पोरगी एकटीच कोपऱ्यात ढवळत होती. तिनं बीकर उजेडात धरलं, तळ पाहिला आणि माझ्याकडे वळली.

“मॅडम, अजून इरघळूनच राहिलं.”

“मंग टाक अजून,” मी म्हटलं.